दारात गाड्यांची गर्दी: कुठली ठेवायची, कुठली विकायची? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

एके काळी माझ्याकडे सहा गाड्या होत्या. तीन मोटारसायकली, एक स्कूटर, दोन कार. सहाच्या सहा एकाच दिवशी चालू आहेत असा दिवस मला आठवत नाही. आता दोन आहेत. मधल्या चार वर्षांत मी जे चुकत-माकत शिकलो आणि त्यानंतर ओळखीपाळखीचे लोक मला जे विचारत राहिले, ते इथे एकत्र केलं आहे.

गाड्या जास्त झाल्यात हे ओळखायचं कसं?

आकड्यावरून ओळखू नका. सहा माणसांच्या घरात चार गाड्या कमी पडतील, आणि एकट्या माणसाला दोनसुद्धा डोईजड होतील. खुणा वेगळ्याच असतात. आतली गाडी काढायला बाहेरच्या दोन हलवाव्या लागतात, म्हणून तुम्ही कंटाळून रोज बाहेरचीच घेऊन जाता. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून गाडी सुरू करायची जंपर केबल दाराजवळच्या खुंटीवर कायमची लटकलेली असते. कुठल्या गाडीचा विमा कधी संपतो हे विचारलं तर ड्रॉवर उघडावा लागतो. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे एखाद्या गाडीचा विषय निघाला की तुमचं वाक्य ‘जरा सवड मिळाली ना, की…’ असं सुरू होतं.

माझ्या मते गाड्या किती मावतात हा प्रश्नच चुकीचा आहे. किती गाड्यांचं तुम्ही वेळच्या वेळी बघू शकता, तेवढ्या तुमच्या. बाकीच्या नुसत्या उभ्या आहेत.

प्रत्येक गाडी कशाला ना कशाला लागतेच. मग निवडायचं कसं?

लागते हे कोणी ठरवलं? बहुतेकदा आपणच, आठवणीच्या भरवशावर. म्हणून पहिलं काम वहीचं. प्रत्येक गाडीचा आजचा किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा आणि तीन महिने काहीही न बदलता नेहमीसारखं वागा. प्रत्येक फेरीला तारीख, गाडी आणि काम एवढंच टिपायचं. जुन्या सर्व्हिसिंगच्या पावत्या सापडल्या तर त्यांवर किलोमीटर लिहिलेले असतात, म्हणजे मागच्या दोन-तीन वर्षांचा हिशेबही आयता मिळतो.

मी हे केलं तेव्हा मोठी कार ‘लांबच्या प्रवासाला लागते’ अशी माझी ठाम समजूत होती. वहीत तिच्या नावापुढे एकच लांबचा प्रवास निघाला. बाकी सगळ्या फेऱ्या तिला हलवून मागची गाडी काढण्याच्या.

तीन महिन्यांनंतर वही गाड्यांनुसार वाचू नका, कामांनुसार वाचा: रोजचं जाणं-येणं, सामान, म्हाताऱ्या माणसांना नेणं, लांबचा प्रवास, निव्वळ हौस. प्रत्येक कामापुढे ते सगळ्यात सोपेपणी करणारी एक गाडी लिहा. जी गाडी कुठल्याच कामापुढे आली नाही तिचा निकाल लागला. एकाच गाडीचं नाव तीन-तीन कामांपुढे आलं, तर ती दिसायला कितीही साधी असो, ती विकायची नाही. हौस हेसुद्धा काम आहे, ते यादीत लाजून गाळू नका. फक्त त्या कामाला तीन गाड्या लावू नका.

वर्षातून पाच-सात वेळाच लागणारी मोठी गाडी ठेवावी का?

हा सरळ भागाकार आहे. विमा, कर, जागेचं भाडं असेल तर ते, वर्षाची सर्व्हिसिंग आणि वर्षभरात उतरलेली किंमत यांची बेरीज करा. जितके दिवस ती खरोखर वापरली तितक्या दिवसांनी भागा. आलेला आकडा तशीच गाडी एक दिवस भाड्याने घेण्याच्या खर्चाशेजारी ठेवा. लोक बेरीज करताना उतरलेली किंमत विसरतात, आणि बऱ्याचदा तीच सगळ्यात मोठी रक्कम असते.

अपवाद आहे. घरात आजारी माणूस असेल, किंवा भाड्याची गाडी वेळेवर मिळेलच याची खात्री नसेल, तर भागाकार बाजूला ठेवा आणि गाडी ठेवा.

उभ्या गाडीला कसला आलाय खर्च? चालवली तरच खर्च ना?

याच समजुतीपायी माझ्या दोन गाड्या वाया गेल्या, म्हणून इथे जरा सविस्तर.

बॅटरीपासून सुरू करू. किल्ली काढली तरी घड्याळ, अलार्म, दाराचं रिमोट लॉक, इंजिनाचा संगणक थोडी थोडी वीज घेतच असतात. हा ओघ ५० मिलिअँपिअर धरला तर दिवसाला १.२ अँपिअर-तास होतो. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी अशाने तीन आठवड्यांच्या आतच निम्म्यावर येते. साध्या मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर बॅटरी भरलेली, १२.२ दिसलं तर निम्मी. लेड-अॅसिड बॅटरी अर्धवट उतरलेली तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कडक स्फटिक धरतात, मग ती पुन्हा पूर्ण चार्ज होत नाही. म्हणजे उभ्या गाडीची बॅटरी चालत्या गाडीच्या बॅटरीपेक्षा आधी मरू शकते.

पेट्रोलचंही तसंच. त्यातले हलके घटक उडून जातात आणि उरलेलं हवेतल्या ऑक्सिजनमुळे चिकट होत जातं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणीही ओढतं. पाणी फार झालं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंजिनाला पहिला घोट त्याचाच मिळतो. कार्ब्युरेटर (पेट्रोल हवेत मिसळणारा भाग) असलेल्या दुचाकीत पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं भोक केसाएवढं असतं, ते चिकट्याने बंद व्हायला काही महिने पुरतात. म्हणून दुचाकी काही काळ उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल काढून टाका. पाच मिनिटांचं काम आहे.

ब्रेक फ्लुइड पाणी शोषून घेतं, मग गाडी धावो न धावो. डॉट ४ जातीचं नवं फ्लुइड किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेल्या फ्लुइडसाठी हीच मर्यादा १५५ अंश धरतात. उतारावर ब्रेक तापले की हा फरक पायाला कळतो. म्हणूनच ते साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात. इंजिन ऑइलचीही किलोमीटरच्या जोडीने मुदत असते, बहुतेक गाड्यांत वर्षाची.

टायरचं वय टायरवरच लिहिलेलं असतं. बाजूला लंबगोलात शेवटचे चार आकडे पाहा: २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. नक्षी नव्यासारखी असली तरी रबर कडक होतं, बारीक भेगा पडतात. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावेत आणि दहा वर्षांचे झाले की कसे का दिसेनात, काढून टाकावेत, असा अनेक टायर कंपन्यांचा सल्ला असतो. शिवाय एकाच जागी उभी राहिल्याने टायर खालून चपटा होतो तो वेगळाच.

हँडब्रेक ओढून महिनोन्महिने उभ्या केलेल्या गाडीचे लायनर ड्रमला चिकटतात. सपाट जागी गिअरमध्ये टाकून चाकाला दगडाची ओट लावलेली बरी. आणि उंदीर! एअर फिल्टरच्या डब्यात घरटं आणि वायरिंगचा फडशा. माझ्या स्कूटरचा वायरिंग हार्नेस दोनदा बदलला, तिसऱ्यांदा मी स्कूटरच विकली.

मी दर रविवारी सगळ्या गाड्या जागेवर दहा मिनिटं सुरू ठेवतो. पुरेसं आहे ना?

नाही. काही वेळा त्याने उलट नुकसान होतं. एक लिटर पेट्रोल जळालं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. गाडी नीट तापली तर ते वाफ होऊन निघून जातं. जागेवरच्या दहा मिनिटांत सायलेन्सर पुरता तापत नाही, पाणी आतच साचतं आणि पत्रा आतून गंजतो. थोडं इंजिन ऑइलमध्येही उतरतं. सेल्फ मारताना बॅटरीतून गेलेली वीज तेवढ्या वेळात पूर्ण भरून निघेलच असं नाही. शिवाय चाकं फिरत नाहीत, म्हणजे ब्रेक, बेअरिंग, गिअरबॉक्स यांना काहीच मिळत नाही.

गाडी दोन-तीन आठवड्यांनी एकदा अर्धा तास रस्त्यावर चालवा. कार असेल तर तेवढ्यात एसीही लावा, काँप्रेसरच्या सीलला तेल पोचतं. आता गंमत पाहा: पाच गाड्या, प्रत्येकीला अर्धा तास, म्हणजे अख्खी सकाळ. ती सकाळ तुम्हाला आनंदाची वाटत असेल तर खुशाल पाच गाड्या ठेवा, मला काही म्हणायचं नाही. ओझं वाटत असेल तर उत्तर तुमच्याजवळच आहे.

एक जुनी, एक नवी. दोन्ही तेच काम करतात. कुठली विकू?

नव्या गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांत झपाट्याने उतरते. जुनीची जी उतरायची ती उतरून गेलेली असते, तिचं नुकसान आता दुरुस्तीच्या वाटेने येणार. म्हणून मागचं सगळं विसरून फक्त पुढची दोन वर्षं डोळ्यांसमोर आणा. जुनीला या दोन वर्षांत काय लागणार आहे? टायर, बॅटरी, क्लच? टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा पट्टा) असेल तर तो कधी बदलला होता? बेल्ट रबराचा असतो, किलोमीटर झाले नाहीत तरी वर्षांनी थकतो, आणि बऱ्याच इंजिनांत तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून मोठं काम निघतं. ही बेरीज आणि नवीची दोन वर्षांत उतरणारी किंमत शेजारी मांडा.

आकडे जवळपास आले, तर मी जुनी ठेवतो, पण तीन अटींवर: तिचे सुटे भाग सहज मिळतात, तिला ओळखणारा मेकॅनिक आहे, आणि घरातल्या कुणालाही तिच्यात बसायला धास्ती वाटत नाही. नव्या गाडीत एअरबॅग आणि एबीएस आहे, जुनीत नाही, आणि ती रोज मुलांना घेऊन जाते अशी स्थिती असेल तर हिशेबच करू नका. नवी ठेवा.

हिच्यावर आत्ताच इंजिनाचं काम केलंय. आता विकली तर पैसे बुडाले ना?

ते पैसे गेलेच आहेत. गाडी ठेवली तरी परत येणार नाहीत. विचारायचं एवढंच की आजच्या स्थितीतली ही गाडी आज तुमच्याकडे नसती, तर याच किमतीला घेतली असती का? उत्तर ‘नाही’ आलं तर इंजिनाचं काम हे ती विकण्याचं चांगलं निमित्त आहे, ठेवण्याचं नव्हे. पावती मात्र जपून ठेवा, गिऱ्हाईक ती बघतं.

वडिलांची गाडी आहे. ती कशी विकणार?

विकू नका, असं मी पटकन सांगणार नाही. आणि विका असंही नाही.

माझ्याकडे वडिलांची मोटारसायकल होती. ते गेल्यावर तिच्यावर ताडपत्री टाकून ठेवली. चार वर्षांनी ताडपत्री काढली तेव्हा टाकी आतून गंजून तिला भोक पडलेलं, सीट कुरतडलेली, क्रोमवर फोड. वडिलांनी ती गाडी दर रविवारी पुसली होती. त्यांची आठवण म्हणून जी ठेवली तिचे मी हे हाल केले, हे बघून मला जी लाज वाटली ती मी अजून विसरलो नाही.

म्हणून मनाला चिकटलेली गाडी ठेवायचीच असेल तर ती पहिल्या रांगेत ठेवा: चालू हालतीत, विम्यासकट, महिन्यातून दोनदा रस्त्यावर. तिच्यासाठी दुसरी एखादी विका. तेवढं जमणार नसेल तर भावंडांत, चुलत्यांत, वडिलांच्या जुन्या मित्रांत ती चालवणारं कुणी आहे का बघा. माझी शेवटी मामेभावाने नेली, टाकी बदलली, आणि आता कधीमधी तो तिच्यावरून घरी येतो. लांबूनच आवाज ओळखू येतो.

अर्धवट उघडून ठेवलेली गाडी आहे, एक दिवस पूर्ण करीन म्हणतो…

शेवटचा पाना कधी लावला होता ती तारीख आठवते का? वर्ष उलटलं असेल तर ती आता गाडी राहिलेली नाही, सुट्या भागांचा ढीग आहे, आणि ढिगातलं रोज काहीतरी हरवतंय. एक मुदत ठरवा, तीन महिने म्हणा. त्यात इंजिन सुरू झालं तर पुढे जा. नाही झालं तर ‘काम अर्धवट आहे’ असं स्पष्ट सांगून विका. सगळे नट-बोल्ट, कुठला कुठला आहे ते लिहिलेल्या पिशव्यांत घालून दिले तर चांगला भाव येतो. अशी गाडी घेणारे हौशी लोक असतात. मीही एके काळी त्यांतलाच होतो.

जुन्या गाड्यांना पुढे भाव येतो म्हणतात. थांबू का?

काहींना येतो. पण ज्यांना येतो त्या मूळ रंगातल्या, मूळ भाग असलेल्या, कागद पूर्ण असलेल्या आणि कमी संख्येने उरलेल्या असतात. लाखोंनी विकली गेलेली, दोनदा रंगवलेली, बाजारातले हँडल आणि दिवे लावलेली गाडी नुसती वय वाढल्याने मौल्यवान होत नाही. शिवाय थांबण्याच्या काळात विमा, जागा, देखभाल हे सगळं तुम्ही भरत असता. गुंतवणूक म्हणून गाडी ठेवणाऱ्यांपैकी किती जण हा खर्च लिहून ठेवतात? मी ठेवला नव्हता.

विकायची ठरली. आधी दुरुस्त करून घेऊ का?

छोटं करा, मोठं नको. बॅटरी, बल्ब, वायपर, हॉर्न, हवा, आतली-बाहेरची स्वच्छता यांचे पैसे वसूल होतात, कारण गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली की बोलणीच वेगळी होतात. इंजिन, गिअरबॉक्स, पूर्ण रंगकाम यांचा खर्च सहसा किमतीत पुरता निघत नाही. उलट ताजा रंग पाहिला की जाणतं गिऱ्हाईक विचारतं, खाली काय लपवलंय? दोष असेल तो सांगून टाका आणि किंमत त्याप्रमाणे लावा. आणि गिऱ्हाईक येण्याआधी इंजिन तापवून ठेवू नका. ते बॉनेटला हात लावून बघतात.

मी सांगतो ती किंमत कुणीच द्यायला तयार नाही. लोक लुबाडतात का?

काही लुबाडतात. पण बऱ्याचदा आपलाच आकडा फुगलेला असतो. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० साली याला नावही दिलं: वस्तू आपली झाली की ती आपल्याला जास्त मोलाची वाटू लागते. १९९० मध्ये डॅनिएल कानमन आणि जॅक नेच यांच्यासह त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना साधे कॉफीचे मग दिले होते. ज्यांच्या हातात हा मग होता त्यांनी विकायला जी किंमत मागितली, ती ज्यांच्याकडे मग नव्हता ते देऊ करत होते त्याच्या दुपटीच्या आसपास होती. तो मग मिळून त्यांना किती वेळ झाला होता? काही मिनिटं. तुमची गाडी तर दहा वर्षं तुमच्याकडे आहे.

यावर उपाय म्हणजे त्याच मॉडेलच्या, त्याच सालच्या, तितक्याच चाललेल्या गाड्या काय भावाने खरोखर गेल्या ते विचारा. जाहिरातीतला आकडा हा मागितलेला आकडा असतो. तीन वेगवेगळ्या खरेदीदारांकडून भाव घ्या. तिघेही तुमच्या आकड्याच्या खालीच आणि एकमेकांच्या जवळपास असतील तर बाजारभाव तो आहे.

इलेक्ट्रिक गाडी उभी राहिली तर चालते ना? तिला ना ऑइल ना पेट्रोल.

काही बाबतींत ती सोपी आहे, पण ‘ठेवली आणि विसरली’ इतकी नाही. लिथियम बॅटरी शंभर टक्के भरून उन्हात महिनोन्महिने ठेवली तर तिची क्षमता लवकर घटते. अगदी रिकामी ठेवली तर आणखी वाईट. पन्नास टक्क्यांच्या आसपास, सावलीत ठेवावी. इलेक्ट्रिक कारमध्ये मोठ्या बॅटरीखेरीज १२ व्होल्टची छोटी बॅटरीही असते, आणि ती उतरली तर मोठी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. टायर आणि ब्रेक फ्लुइडचं वर सांगितलं ते तिलाही लागू.

घरात एकमत होत नाही. काय करावं?

मत विचारू नका, किल्ली विचारा. ज्याला गाडी ठेवायची आहे त्याच्या नावावर तिचं सगळं करा: विमा भरणं, हवा तपासणं, मेकॅनिककडे नेणं. तीन महिन्यांत बहुतेक वाद आपोआप मिटतात. आमच्याकडे बायकोने एक कार अशीच जिंकली आणि आजतागायत माझ्यापेक्षा चांगली ठेवली आहे.

विकताना कागदपत्रांत काय चुकतं?

मालकी बदलायची राहते. पैसे मिळाले, किल्ली दिली, नोंदणी मात्र तुमच्याच नावावर, आणि मग दंडाच्या नोटिसा किंवा अपघाताचं लचांड तुमच्या दारात. कर्ज फेडलेलं असलं तरी त्याचा बोजा नोंदणीवरून उतरला आहे का बघा. गाडी ज्या दिवशी दिली तो दिवस आणि वेळ घालून दोघांच्या सह्यांची पावती करा, आणि विक्रीची खबर नोंदणी कार्यालयाला व विमा कंपनीला स्वतः द्या. ‘मी करून घेतो’ या खरेदीदाराच्या शब्दावर हे सोडू नका. मी सोडलं होतं, आठ महिने फेऱ्या घातल्या.

विकल्यावर पश्चात्ताप झाला तर?

होईल. माझ्या चारांपैकी एकीबद्दल होतो. ती दुसरी मोटारसायकल मी घाईत, खोलीभर पसारा बघून वैतागलेल्या दिवशी विकली. तेव्हापासून नियम केला: विकायची ठरलेली गाडी आधी महिनाभर दुसऱ्याकडे ठेवायची, मित्राच्या अंगणात म्हणा. महिन्यात तिची किल्ली मागायला गेलो नाही तर विकायची.

गाडी गेली, पण तिचे सुटे भाग, मॅन्युअल, जादा किल्ली घरातच सापडतायत. त्यांचं काय?

ते गाडीबरोबरच द्यायचे असतात. विक्रीच्या आदल्या दिवशी कपाटं, माळा, डिकी सगळं धुंडाळा आणि एका खोक्यात भरून नव्या मालकाच्या हाती द्या. जादा किल्ली तर नक्कीच. राहिलंच काही, तर फोन करून कळवा. मला परवा माळ्यावर स्कूटरचा नवाकोरा क्लच केबल सापडला, पाकीट न फोडलेला. ज्याने स्कूटर घेतली त्याला फोन केला. तो म्हणाला, मी ती मागच्याच महिन्यात विकली.